गाठ निघाली, पण आजार गेला का? (अ‍ॅक्रोमेगलीचं ऑपरेशन झालेल्यांसाठी धागा)

पाटीपेन्सिल (सेलू, जि. परभणी)
२ ऑगस्ट, रात्री ९.१५

श्रावण तोंडावर आलाय आणि कासाराला बांगडीचं माप काय सांगावं ते मला कळेना. तिथूनच सुरुवात करते.

लग्नात दोन-चारची बांगडी माझ्या हातात साबणाशिवाय जायची. २०१७ला दोन-सहा लागली, करोनात दोन-आठ, आणि गेल्या संक्रांतीला दोन-दहासुद्धा अंगठ्याच्या बुडाशी अडली. आमचा कासार म्हातारा माणूस. म्हणाला, "बाई, बाळंतपणात हात भरतो हे ठाऊकय मला, पण तुमचा तर दरसाल भरायलाय." जोडवी सोनाराकडून कापून घेतली. चप्पल सहा नंबरवरून नऊवर गेली, बायकांची मिळेना म्हणून गड्याची घालू लागले. पुढच्या दातांत फटी पडल्या, आवाज जड झाला. घोरण्यामुळं लेकरं दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. आणि घाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. डिसेंबरात, स्वेटर घातलेल्या वर्गासमोर, माझ्या हातातला खडू ओला होऊन फळ्यावर उमटायचा नाही.

यातलं प्रत्येक दुखणं मी वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. दात दातांच्या डॉक्टरांना, हाताच्या मुंग्या हाडांच्या डॉक्टरांना. सगळं एकत्र कोणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. यंदा जानेवारीत साखर निघाली म्हणून परभणीला एका तरुण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी साखरेचा कागद बाजूला ठेवून आधार कार्ड मागितलं. मला वाटलं नोंदणीला लागत असेल. ते फोटोकडं बघत होते, मग माझ्याकडं, परत फोटोकडं. फोटो २०१२चा. म्हणाले, "ताई, ही तुमची धाकटी बहीण शोभेल."

मग तपासण्या. अ‍ॅक्रोमेगली म्हणजे मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होते आणि ती ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचं हार्मोन, गरजेपेक्षा जास्त सोडत राहते. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा जोर दाखवणारा रक्तातला घटक) आलं ८१२, माझ्या वयाला त्या लॅबची वरची मर्यादा २६०. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास रक्त घेतलं. धडधाकट माणसाचं ग्रोथ हार्मोन त्यानं खाली बसतं, माझं जागचं हललं नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरीत १७ मिलिमीटरची गाठ, डावीकडं मेंदूला जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली.

उन्हाळी सुट्टीत, मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईला नाकातून दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन छान झालं. आमच्या दिरांनी वॉर्डात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी हार्मोनच्या डॉक्टर आल्या, त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "निकाल बारा आठवड्यांनी. तोवर पास-नापास काही म्हणायचं नाही." शिक्षिकेला असं सांगितलं की ते डोक्यात बसतं!

ते बारा आठवडे संपले. परवा रक्त देऊन आले, अहवाल आठवड्यानं. तुमच्यापैकी कोणाचं हे ऑपरेशन झालंय का? तुमचा निकाल काय लागला, आणि नंतर काय काय झालं? घरात सगळे म्हणायलेत की गाठ काढली म्हणजे संपलं. मला तसं वाटत नाही.

---

गोदाकाठ (नांदेड)
२ ऑगस्ट, रात्री १०.४०

ताई, नऊ वर्षं झाली माझ्या ऑपरेशनला. मी पास. पण माझा पेपर सोपा होता. गाठ सातच मिलिमीटरची, ग्रंथीच्या मधोमध. एक सेंटीमीटरच्या आतली असली की चांगल्या हातात शंभरातले ऐंशी-नव्वद जण ऑपरेशननंच बरे होतात. त्याहून मोठी असली की हे प्रमाण निम्म्यावर येतं, आणि बाजूच्या शिरांच्या पोकळीत, रक्तवाहिनीभोवती शिरली असली की आणखी खाली. आपल्या आजारात अडचण ही की तीन-चतुर्थांश लोकांची गाठ सापडते तेव्हाच सेंटीमीटर ओलांडून गेलेली असते. माझी लवकर सापडली त्याला कारण माझी बायको. ती शिवणकाम करते, माझ्या शर्टाची बाही तिनं तीनदा उसवली.

पण सोपा पेपरसुद्धा धड गेला नाही. घरी आल्यावर सहाव्या दिवशी खाली वाकून बूट उचलला आणि उजव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकलं, टप टप, फरशीवर. सर्दीसारखं चिकट नाही. घशात उतरलेलं खारट लागायचं. मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण नाकातून पाणी आलं म्हणून नांदेडहून हैदराबादला कोण जातं? ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. परत टेबलावर घेतलं, मांडीतली चरबी काढून भोक बुजवलं, कमरेत नळी घालून पाच दिवस आडवं ठेवलं. उशीर केला असता तर मेंदूज्वर झाला असता असं सर्जन स्पष्ट बोलले. तेव्हा ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांनी लिहून ठेवा: नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. आणि नाकातून पाणी आलं तर लाजायचं नाही.

हात-पाय, ओठ, जीभ यांची सूज उतरते, आठवड्याभरातच. हाड उतरत नाही. माझा जबडा तसाच आहे, गुडघेही तसेच.

---

झोपेची_गोळी (छत्रपती संभाजीनगर)
३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

मी भूलतज्ज्ञ आहे. हे रुग्ण माझ्याकडं वर्षा-दोन वर्षांतून एखादा येतो. आजारच तसा दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला तीन-चार नवे रुग्ण. पण आला की आदल्या रात्री मला झोप लागत नाही. जीभ मोठी, जबडा पुढं आलेला, घशातल्या मऊ भागांना सूज. अशा माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालणं अवघड. कधी तो जागा असतानाच लवचीक दुर्बिणीवरून नळी सरकवावी लागते. वर ऑपरेशननंतर नाकात बोळे भरलेले, म्हणजे श्वास तोंडानंच. जो आधीच घोरतो आणि झोपेत ज्याचा श्वास अडकतो, त्याची पहिली रात्र मी अतिदक्षता विभागातच काढायला लावतो. सांगायचा मुद्दा: अशा ऑपरेशनला "आमच्या गावाजवळ होईल का" हा प्रश्न दुसरा. "तुमच्याकडं पिट्युटरीची ऑपरेशनं वर्षाला किती होतात" हा पहिला. विचारायला संकोच करू नका, चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

पाटीपेन्सिल ताईंच्या डॉक्टर बरोबर बोलल्या. ग्रोथ हार्मोन तासातासाला वरखाली होतं, एका थेंबावरून निकाल लागत नाही. आयजीएफ-१ यकृतात त्याच्या हुकमानं तयार होतं आणि सावकाश बदलतं, म्हणून बारा आठवड्यांनी पाहतात. कसोटी अशी: आयजीएफ-१ वयाच्या मर्यादेत, आणि सहज घेतलेलं ग्रोथ हार्मोन १ नॅनोग्रॅमच्या खाली. साखरेचं पाणी पाजून पाहिलं तर ते, यंत्र तेवढं बारीक मोजणारं असेल तर, ०.४च्या खाली जायला हवं. "गाठ पूर्ण काढली" हे सर्जनच्या डोळ्याचं मत. ते महत्त्वाचं आहे, पण ती गुणपत्रिका नव्हे.

---

तुरीचं_रान (औसा, जि. लातूर)
३ ऑगस्ट, दुपारी १.२०

आमच्या थोरल्या भावाचं सांगतो. अण्णा म्हणतो आम्ही त्याला. त्याची गाठ तीन सेंटीमीटरची, नजर बाजूनं झाकोळायला लागली होती, बैलगाडीच्या उजव्या चाकाकडं दिसायचं नाही. पुण्यात ऑपरेशन झालं, महात्मा फुले योजनेतून. केशरी रेशनकार्ड होतं, आरोग्यमित्रानं कागदं लावून दिली, ऑपरेशनला आमचा पैसा लागला नाही. आमचे सर्जन आधीच बोलले होते, "मी ही गाठ सगळी काढू शकणार नाही. मला डोळा वाचवायचाय आणि उरलेलं औषधाला सोपं करून द्यायचंय." त्या अर्थानं ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी. नजर आठ दिवसांत आली. हार्मोन मात्र निम्म्यावर येऊन थांबलं.

मग महिन्याला ग्रोथ हार्मोन दाबणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन, कुल्ल्यात, ३० मिलिग्रॅम. घरी चालू ठेवायचं औषध, ते खिशातून. एक एकर सोयाबीनचा पैसा कुठं जातो ते आम्हाला विचारा. दोन वर्षांनी रेडिएशन दिलं, २८ दिवस, रोज थोडं थोडं. त्याचा गुण यायला वर्षं लागतात. इंजेक्शन सुटायला चार वर्षं गेली.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. ऑपरेशननंतर अण्णाची पिट्युटरी थकली. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन, तयार होईना म्हणून रोज प्रेडनिसोलोनची गोळी. आता गावात 'स्टिरॉईड' म्हणलं की काय होतं माहीतय ना? पारावर एकानं सांगितलं, "अण्णा, किडन्या जातील." अण्णानं गोळी बंद केली. चार दिवसांनी सोयाबीन काढणी चालू होती, मळणीयंत्राजवळ उभा असलेला माणूस पोत्यासारखा खाली बसला. बीपी लागेना. आम्हाला वाटलं ऊन लागलं. लातूरला नेलं, नशिबानं मी डिस्चार्ज कार्ड पिशवीत टाकलं होतं. डॉक्टरनं ते वाचलं, हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिलं, आणि तासाभरात अण्णा म्हणलालाय, "चहा हाय का?"

ही गोळी म्हणजे शरीर रोज जे बनवतं तेच भरून काढणं. बाजारात सांधेदुखीला भुकटीत कालवून देतात ती गोष्ट वेगळी. ताप आला तर दुप्पट, उलटी होत असेल तर इंजेक्शन, बंद कधीच करायची नाही. अण्णाच्या खिशात आता मराठीत चिठ्ठी असते, प्लास्टिकमध्ये घालून.

---

बारा_गावचं_पाणी (बीड)
३ ऑगस्ट, सायं. ६.५०

एवढी कापाकापी करण्यापेक्षा आधी पंचकर्म करून पाहिलं असतं तर? गाठी विरघळतात.

---

पाटीपेन्सिल
३ ऑगस्ट, रात्री ९.३०

@बारा_गावचं_पाणी भाऊ, सांधेदुखीसाठी दोन वर्षं काढे घेतले मी. माझ्या त्या दोन वर्षांत गाठ रक्तवाहिनीपर्यंत पोचली. तुमच्यावर राग नाही, पण या धाग्यावर तो विषय नको.

@तुरीचं_रान दादा, माझ्या सकाळच्या कॉर्टिसॉलचा आकडा बरा आला म्हणून माझी गोळी सुटली. पण माझ्याही वाट्याला एक प्रसंग आलाच, तो लिहायचा राहिला होता.

दवाखान्यात पहिले तीन दिवस मला एवढी तहान लागली की विचारू नका. तांब्यानं नाही, बादलीनं पाणी प्यावंसं वाटायचं, आणि लघवीचं मोजमाप दिवसाला सहा लिटर. पिट्युटरीच्या मागच्या भागाला धक्का बसला की लघवी रोखणारं हार्मोन थबकतं. गोळी दिली, चौथ्या दिवशी थांबलं. सगळे खूश. देवगिरीनं सेलूला आलोत.

आठव्या दिवशी सकाळी डोकं ठणकायला लागलं, उलट्या, आणि मला मोठ्या लेकीचं नाव आठवेना. मे महिना, परभणी जिल्हा, ४३ अंश. जो तो म्हणतोय पाणी कमी पडलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं ऑपरेशनचा अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं आणि लिंबूपाणी, ताक, जे जाईल ते पाजा म्हणाले. मी आणखी गुंगले. नवऱ्यानं मुंबईला फोन लावला. तिकडून एकच प्रश्न, "सोडियम किती?" कोणी केलंच नव्हतं. केलं तर १२१, फारच खाली.

नंतर समजलं ते असं: आधी जे हार्मोन थबकलं होतं तेच आठवड्याभरानं एकदम जास्त सुटतं. मग शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम पातळ होतं. त्याला उपाय उलटा: पाणी तोडायचं. परभणीला दाखल केलं, सोडियम तासातासाला बघत हळूहळू वर आणलं. फार भराभर चढवलं तर मेंदूला इजा होते म्हणाले. आणि पाणी दिवसाला एक लिटर. मे महिन्यात! सासूबाई पदरानं वारा घालत रडायच्या की सुनेला पाणी द्यायलं नाहीत. मी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून दुपार काढायचे.

म्हणून ज्यांचं ऑपरेशन होईल त्यांनी सातव्या दिवशी सोडियम तपासायचंच, बरं वाटत असलं तरी. तालुक्याला होतं ते. डिस्चार्जच्या कागदावर माझ्याही लिहिलेलं होतं, चौथ्या पानावर, इंग्रजीत.

---

मोसंबी (जालना)
४ ऑगस्ट, सकाळी ११.१०

माझी आई ६३ वर्षांची. निदानाच्या आधी तिची दोन्ही मनगटांची ऑपरेशनं झाली होती, कवळी तीनदा बदलली, सगळ्यांना वाटलं कवळीवालाच कच्चा आहे. ऑपरेशनला दीड वर्ष झालं. हार्मोन मर्यादेत आलं. मला जास्त नवल याचं की रोज ४० युनिट इन्सुलिन घेणारी बाई आता दोन गोळ्यांवर आहे. बीपीची एक गोळी सुटली. झोपेत श्वास अडकणं कमी झालं, गेलं नाही. आतड्याची दुर्बीण केली होती, कारण या आजारात मोठ्या आतड्यात कोंब येतात म्हणे. दोन निघाले, काढून टाकले.

तिची तक्रार एकच. "एवढं करून माझं नाक काही पहिल्यासारखं झालं नाही." वास येत नाही तिला नीट. फोडणी करपते. सहा महिने रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं, थोडा फरक पडला. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून लिहिलं.

पाटीपेन्सिल, अहवाल आला की लिही गं.

---

पाटीपेन्सिल
९ ऑगस्ट, दुपारी ४.००

आला.

आयजीएफ-१ ३५८. ग्रोथ हार्मोन १.७. साखरेचं पाणी पिऊन १.२. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला रक्तवाहिनीलगत चार-पाच मिलिमीटरचं काहीतरी उरलंय.

म्हणजे नापास. ८१२वरून ३५८, मर्यादा २६०. पाच विषयांत पास आणि गणितात दहा मार्कांनी गेलेलं पोर असतं ना, तसं. दुपारी मधल्या सुट्टीत मोबाइलवर बघितलं आणि पुढचा तास घेतला. 'हातचा घेऊन वजाबाकी' शिकवायची होती.

घरी सांगितल्यावर दीर म्हणाले, "मग ऑपरेशन फसलंच की." नवरा गप्प. मला स्वतःला कळेना की हसावं की रडावं, कारण खडू आता कोरडा असतो. घोरणं थांबलं, लेकरं परत खोलीत झोपायलेत. साखरेच्या दोन्ही गोळ्या सुटल्या.

गाठीच्या तपासणीत लिहिलंय की पेशींमध्ये कण विरळ आहेत, आणि वाढीचा दर कमी आहे. डॉक्टर म्हणाल्या, विरळ कणांच्या गाठीवर ऑक्ट्रिओटाइड तितकंसं चालत नाही. पुढच्या सोमवारी बोलावलंय. काय काय विचारू?

---

झोपेची_गोळी
९ ऑगस्ट, रात्री ११.२५

दिरांना सांगा, फसलं नाही. तुमची गाठ ज्या जागी होती तिथं निम्म्याहून कमी लोक नुसत्या ऑपरेशननं बरे होतात, हे ऑपरेशनच्या आधीही खरं होतं. उरलेला तुकडा त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून आहे. ती फाटली तर माणूस टेबलावरच जातो, म्हणून शहाणा सर्जन तिथं हात आखडता घेतो. त्यानं तो घेतला याचं मला भूलतज्ज्ञ म्हणून बरंच वाटतं.

मी हार्मोनचा डॉक्टर नाही, पण मित्राशी बोलून लिहितो. परत ऑपरेशन: उरलेलं पोहोचण्याजोगं असेल तरच, तुमचं तसं दिसत नाही. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड: महिन्याचं इंजेक्शन, पित्ताशयात खडे होऊ शकतात, खर्च मोठा. पेगविसोमंट: रोजचं इंजेक्शन, आयजीएफ-१ खाली आणण्यात फार गुणकारी पण गाठीवर काम करत नाही, आणि किंमत ऐकून आपल्याकडं बहुतेक जण तिथंच थांबतात. पॅसिरिओटाइड हेही त्याच जातीचं इंजेक्शन, पण त्यानं साखर वाढते, तुमची नुकतीच उतरलीय. रेडिएशनचं तुरीचं_रान यांनी लिहिलंच, शिवाय पुढं बाकीची हार्मोनंही कमी पडू शकतात.

राहिली कॅबरगोलिनची गोळी. आठवड्यातून एक-दोनदा, स्वस्त. मोठ्या आकड्यांवर फारशी चालत नाही. पण आयजीएफ-१ मर्यादेच्या दुपटीच्या आत असेल तर करून बघण्यासारखी. तुमचं मर्यादेच्या १.४ पटीच्या आतच आहे. सोमवारी हे विचारा. आणि ऑपरेशननं ८१२चं ३५८ केलं नसतं तर या गोळीचं नावही कोणी काढलं नसतं, हे दिरांना जरूर सांगा.

---

गोदाकाठ
१० ऑगस्ट, सकाळी ६.३०

थोडं अवांतर. मला आजार झाल्यापासून याचा इतिहास वाचायचं वेड लागलंय. 'अ‍ॅक्रोमेगली' हे नाव १८८६मध्ये पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरनं दिलं. नाकाच्या वाटेनं पिट्युटरीपर्यंत पहिल्यांदा पोचला हर्मान श्लोफर, १९०७ साली, ऑस्ट्रियात. आणि १९०९मध्ये अमेरिकेत हार्वी कुशिंगनं या आजारासाठी ज्याच्यावर ऑपरेशन केलं तो माणूस कोण होता? शेतकरी. ना एमआरआय, ना दुर्बीण, ना अँटिबायोटिक. अर्धवटच गाठ काढली आणि माणूस सुधारला. हार्मोन मोजायची सोय नव्हती, तेव्हा निकाल म्हणजे डोकेदुखी गेली का आणि अंगाची सूज उतरली का. सूक्ष्मदर्शक पुढं १९६०च्या दशकात कॅनडात ज्यूल हार्डीनं या ऑपरेशनात आणला.

ताई, त्या जुन्या परीक्षेत तुम्ही पहिल्या वर्गात पास आहात.

---

तुरीचं_रान
१० ऑगस्ट, दुपारी १२.४५

शेतकरी होता हे अण्णाला वाचून दाखवलं. म्हणला, "मंग त्याचं सोयाबीन कुणी काढलं?"

---

भीमाशेठची_पोळ (जिंतूर)
१४ ऑगस्ट, रात्री ८.१०

धागा वाचून भीती वाटली. माझा भाचा चौदा वर्षांचा, वर्षात एकदम वाढला, सहा फूट झालाय. घरात कोणी एवढं उंच नाही. डोकं दुखतं म्हणतो. गावात सगळे कौतुक करतात, पोलीस भरतीत जाईल म्हणून.

---

झोपेची_गोळी
१४ ऑगस्ट, रात्री ९.००

कौतुक थांबवा आणि आयजीएफ-१ करून घ्या. हाडांची टोकं जुळायच्या आत हा आजार झाला तर उंची वाढते. वाढीच्या वयात हा आकडा मुळातच जास्त असतो, म्हणून मोठ्या माणसाच्या मर्यादेशी ताडून घाबरू नका, त्याच्या वयाच्या मर्यादेशी ताडा. नुसता वयात येण्याचा झपाटाही असेल. पण उंची आणि डोकेदुखी एकत्र असली की बघायचंच. एवढ्या लहान वयात खरंच निघालं तर घरातल्या बाकीच्यांचीही चौकशी करतात, काही घराण्यांत हे जनुकातून येतं.

---

भीमाशेठची_पोळ
२ सप्टेंबर, दुपारी २.३०

वयाच्या मर्यादेत आलं. डोकेदुखी चष्म्याची निघाली. आभारी आहे.

---

पाटीपेन्सिल
२३ नोव्हेंबर, सायं. ७.२०

तीन महिने गायब होते, माफी. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाऊन आलोत.

कॅबरगोलिनच सुरू केली. सुरुवातीला अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा, रात्री जेवण झाल्यावर. पहिले पंधरा दिवस उठताना डोळ्यापुढं अंधारी यायची, मळमळ व्हायची. मग सवय झाली. बुधवार आणि रविवार, कॅलेंडरवर लाल खूण. एकदा रविवारची विसरले तर धाकटीनं आठवण केली, "आई, तुझा गृहपाठ."

आयजीएफ-१ आता २८३. मर्यादेच्या अजून वरच, पण दिसेल एवढ्या अंतरावर. डॉक्टरांनी गोळी वाढवलीय. फेब्रुवारीत परत रक्त. तेव्हाही वर राहिलं तर गोळीच्या जोडीला इंजेक्शन, नाहीतर त्या तुकड्यावर नेमकं रेडिएशन, असं ठरलंय. उरलेला तुकडा एमआरआयमध्ये तेवढाच आहे.

वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल पंचायत समितीत अडकलंय. एक सही राहिली होती, ती झाली तर दुसरी निघाली. तो वेगळा धागा काढावा लागेल.

आणि हो, श्रावणात कासाराकडं गेले होते, तेव्हा सांगायचं राहिलं. त्यानं सवयीनं दोन-दहा काढल्या, त्या कोपरापर्यंत घरंगळल्या. दोन-आठ पण सैल. दोन-सहा बसल्या. दोन-चार नाही बसल्या, हाड आडवं येतं. म्हातारा बांगड्या भरता भरता म्हणाला, "असू द्या, दोन-सहा सगळ्या रंगांत येतात."

---

मोसंबी
२३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

कसले रंग घेतलेस?

बाकी एक विचारायचं होतं. आईच्या वार्षिक तपासणीचं रक्त या वेळी जालन्यातच देऊ का? मुंबई फार होते तिला. आणि तुझं इको केलं का, या गोळीवर हृदयाच्या झडपा बघतात असं ऐकलं.

---

पाटीपेन्सिल
२३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

हिरव्या, आणि मध्ये एकेक लाखेची.

इको गोळी सुरू करायच्या आधी झालं, पुढचं वर्षानं. रक्त जालन्यात दे, पण नमुना ज्या लॅबला जातो तिचं नाव विचारून घे. आयजीएफ-१ मोजायचं यंत्र प्रत्येक लॅबचं वेगळं, मर्यादाही वेगळी. माझं जुलैचं एकीकडं आणि ऑक्टोबरचं दुसरीकडं झालं असतं तर आकडा उतरला की लॅब बदलली हे कोणालाच सांगता आलं नसतं. आईचं आधीचं ज्या लॅबचं आहे तिचंच केंद्र जालन्यात असेल तर उत्तम. नसेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, परभणीत मी जिथं देते तिथला पोरगा बर्फाच्या डब्यातून नमुना रात्रीच्या गाडीनं पाठवतो, सकाळी नऊच्या आत पोचायला लागतं एवढंच.